धंद्याच्या टूरवर निघताना फोनमध्ये नेमकं काय काय असावं?

टॉवेलवाला_अकरोड
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-नॅपकिनचा लहानसा कारखाना आहे. बाहेरगावच्या पार्ट्या आतापर्यंत वडीलच सांभाळायचे, आता त्यांचे गुडघे बोलायला लागलेत, त्यामुळं हैदराबाद, बेंगळुरू, मुंबई आणि अधूनमधून पुणे अशी सगळी लाईन माझ्याकडं आलीय. वडिलांची पद्धत ठरलेली, खिशात डायरी, नव्या पेठेतला एक तिकीटवाला आणि प्रत्येक गावात एक लॉज जिथं मालक नावानं ओळखतो. मला यातलं जेवढं फोनवर आणता येईल तेवढं आणायचंय. पण प्ले स्टोअरवर गेलं की डोकं फिरतं, एकाच कामाला पंधरा अ‍ॅप आणि प्रत्येक जण म्हणतो मीच बेस्ट. जे लोक खरंच धंद्यासाठी फिरतात त्यांनी सांगा, काय ठेवायचं आणि काय नुसती जागा खातं. फोन साधा आहे, स्टोरेज कायम भरलेलं असतं.

कडकभाकरी
पहिलं अ‍ॅप पॉवरबँक. बाकीचं नंतर बघू बे.

हुतात्मा_अपडाऊन
मी पुण्याला कायम असतो, सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस आणि संध्याकाळी परत हुतात्मा, त्यामुळं रेल्वेपुरतं सांगतो. आयआरसीटीसीचं रेल कनेक्ट पाहिजेच, किंवा जुलै २०२५ ला रेल्वेचं रेलवन आलंय, त्यात रिझर्वेशन, जनरल तिकीट, पीएनआर, तक्रार सगळं एका जागी आहे, स्टोरेज कमी असेल तर तेच घ्या. दुसरं, व्हेअर इज माय ट्रेन. याचं लोकांना नीट माहीत नसतं, हे गाडीत बसल्यावर नेट नसलं तरी चालतं कारण ते मोबाईल टॉवरवरून गाडी कुठं आहे ते काढतं. कुर्डुवाडीच्या पुढं रेंज जाते-येते तिथं हेच कामाला येतं. गाडीच्या बाहेर असताना मात्र ते दाखवतं ती वेळ डोळे झाकून धरू नका, तासभर लेट दाखवलेली गाडी मधे वेळ भरून काढते आणि तुम्ही घरी चहा पीत बसलेले असता.

आता महत्त्वाचं. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, १२० वालं जुनं झालं, नोव्हेंबर २०२४ पासून बंद. तात्काळ एसीचं आदल्या दिवशी सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. १ जुलै २०२५ पासून आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाईन तात्काळ निघतच नाही, म्हणून ते काम आजच घरी बसून करून टाका, दहाला पाच कमी असताना ओटीपी शोधत बसू नका. पॅसेंजरची मास्टर लिस्ट आधी भरून ठेवायची आणि पैसे यूपीआयनं, कार्डचे आकडे टाकेपर्यंत बर्थ उडतात.

मुंबईला सकाळी ६.०५ ची वंदे भारत आहे, गुरुवार सोडून. पण धंद्याच्या माणसाला मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसच सांगेन, रात्री झोपायचं, सकाळी मुंबईत, लॉजचं भाडं वाचलं.

सातरस्ता
सगळं बरोबर आहे पण माझं मत वेगळं आहे. वडिलांचा तो नव्या पेठेतला तिकीटवाला सोडू नका. अ‍ॅप तिकीट काढून देतं, अडलं की अ‍ॅप फोन उचलत नाही. मी यंत्रमागाचे सुटे भाग विकतो, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी सगळीकडं जातो. आमचा माणूस रात्री अकराला फोन केला तरी सांगतो मालक त्या गाडीत काय हाय नाय, तुम्ही अमुक गाडीनं दौंडपर्यंत या आणि तिथनं दुसरी धरा. हे डोकं कुठल्या अ‍ॅपमध्ये आहे सांगा. शंभर-दोनशे रुपये जास्त घेतो, घेऊ दे की.

हुतात्मा_अपडाऊन
@सातरस्ता साहेब मान्य, पण तात्काळ उघडल्यावर पहिली तीस मिनिटं एजंटला बुकिंगच करता येत नाही आता. एसीला १० ते १०.३०, स्लीपरला ११ ते ११.३०. तोपर्यंत काय उरतं ते तुम्हाला माहिती आहे. म्हणजे ऐनवेळच्या तिकिटाला तुम्हीच तुमचा एजंट.

सातरस्ता
म्हणून तर मी ऐनवेळी निघतच नाही. पार्टी कुठं पळून जात नाही, उधारी मात्र पळते :)

कडकभाकरी
उधारी लोकेशन ट्रॅक करणारं अ‍ॅप काढा कुणीतरी. सोलापुरात शंभर टक्के चालंल.

हिशोबनीस
प्रवासाचं बाकीचे सांगतील, मी बिलांचं सांगतो कारण मार्चमध्ये हीच मंडळी पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात बघा ओ साहेब यातलं काय होतंय का.

१) एसीच्या रेल्वे तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो. बुक करतानाच फर्मचा जीएसटी नंबर टाकायची जागा आहे, ती लोक सोडून देतात. नंबर टाकला तर क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तो टॅक्स तुमच्या जीएसटीतून वजा होतो, तिकीट काढून झाल्यावर आठवून उपयोग नाही. स्लीपरला जीएसटीच नाही त्यामुळं तिथं प्रश्नच नाही.

२) हॉटेल. बुकिंगची अ‍ॅप जीएसटी नंबर भरा, पैसे वाचवा म्हणून मागं लागतात. ७,५०० पर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के टॅक्स झालाय. आधी १२ टक्के होता. पण हैदराबादला राहिलात तर त्याचं क्रेडिट तुम्हाला तेव्हाही मिळत नव्हतं आणि आताही नाही, कारण हॉटेल जिथं उभं आहे त्या राज्याचा टॅक्स लागतो, तेलंगणाचा एसजीएसटी महाराष्ट्रातल्या नंबरवर कसा घेणार. तेव्हा या कारणासाठी महागडी खोली घेऊ नका.

आणि अ‍ॅपवरून जे येतं ते बऱ्याचदा बुकिंगचं व्हाउचर असतं, हॉटेलचं बिल नव्हे. खोली सोडताना काउंटरवरून फर्मच्या नावानं बिल मागून घ्यायचं.

टॉवेलवाला_अकरोड
@हिशोबनीस मग क्रेडिटच नाही तर बिल घेऊन काय करू साहेब?

हिशोबनीस
अहो जीएसटीचं क्रेडिट नाही म्हणजे खर्च नाही असं कुठंय! तो धंद्याचा खर्च म्हणून इन्कम टॅक्सला लागतोच की. त्याला कागद पाहिजे. अजून एक, एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेत तर तो खर्च धरत नाहीत. भाड्याच्या गाडीवाल्याला तीन दिवसांचे एकदम रोख मोजून देतात लोक, तिथं यूपीआय करा, आपोआप नोंद राहते.

खर्चाचं वेगळं अ‍ॅप वगैरे लहान कारखान्याला लागत नाही. माझ्या एका क्लायंटची पद्धत सांगतो, मला लै आवडली. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं एक ग्रुप केलाय, त्यात तो आणि त्याचा अकाउंटंट, नाव 'टूर खर्च'. बिल हातात पडलं की जागेवर फोटो, खाली एक ओळ, कुणाकडं गेलो आणि कशासाठी. टोलच्या, पेट्रोल पंपाच्या, हॉटेलच्या त्या गुळगुळीत पावत्या असतात ना, त्या उन्हात, पाकिटात चार महिन्यांत कोऱ्या होतात. माझ्याकडं येतात तेव्हा नुसता पांढरा कागद असतो आणि मालक शपथेवर सांगतो की हे जेवणाचं बिल होतं. फोटोतलं अक्षर उडत नाही.

पूर्वभाग_पोट्टा
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवालं भारी आहे. आम्ही पण असंच करतो फक्त आमच्या ग्रुपवर अकाउंटंट कमी आणि काकाचे गुड मॉर्निंगचे गुलाब जास्त असतात, बिल शोधायला गुलाबाची बाग ओलांडायला लागते.

एमआर_बॅगवाला
मी औषध कंपनीत आहे, बार्शी, पंढरपूर, अकलूज, करमाळा लाईन. अ‍ॅपमुळं प्रवास सोपा झाला असं सगळे म्हणतात, झाला, पण साहेबांचा झाला. ते घरात बसून बघतात मी कुठं आहे. आमच्या रिपोर्टिंग अ‍ॅपमध्ये डॉक्टरच्या दवाखान्याच्या आसपास उभं राहूनच बटण दाबावं लागतं, तरच भेट झाली असं धरतात. दिवसभर जीपीएस चालू म्हणून दुपारी दोनला बॅटरी लाल. आषाढीत पंढरपुरात एवढी गर्दी की नेटवर्कच बसतं, भेट काय नोंदवली जात नाही. साहेबांचा फोन, डॉक्टर भेटले का? म्हटलं नाही साहेब, विठ्ठल भेटला.

सांगायचा मुद्दा, टॉवेलवाले मालक, उद्या तुम्ही सेल्सला माणूस ठेवाल तेव्हा हे ट्रॅकिंग-फ्रॅकिंग लावू नका. ऑर्डर आणतोय का बघा.

कडकभाकरी
@एमआर_बॅगवाला लाईक करायचं बटण नाही इथं म्हणून हात जोडतो 😄

सातरस्ता
@एमआर_बॅगवाला मालक म्हणून बोलतो, राग मानू नका. माणूस करमाळ्याला आहे म्हणून सांगतो आणि पार्क चौकात भेळ खाताना दिसतो, मग काय करायचं? ट्रॅकिंग लोक उगाच नाही लावत.

एमआर_बॅगवाला
भेळ खाऊन पण टार्गेट पूर्ण करत असेल तर खाऊ द्या की मालक.

गाडीवाला_मोहोळ
रेल्वेच रेल्वे चाललंय, गाडीनं जाणाऱ्याचं कुणी सांगंना. राजमार्गयात्रा हे सरकारी अ‍ॅप टाकून घ्या. त्यावर १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो, सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये होता, वर्षभर किंवा २०० ट्रिप, जे आधी संपेल ते. आता ट्रिप म्हणजे काय यात सगळे गोंधळतात, एक टोलनाका ओलांडला की एक ट्रिप, गेलात-आलात की दोन. सोलापूर-पुणे हायवेला सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार नाके. जाऊन येऊन आठ ट्रिप. २०० भागिले ८ म्हणजे पुण्याच्या २५ फेऱ्या, तेव्हाच्या दरानं एका फेरीला १२० रुपये पडले. आत्ता एका बाजूला काय कापलं जातं ते तुमच्या फास्टॅगच्या मेसेजमध्ये बघा आणि ठरवा.

हुतात्मा_अपडाऊन
मुंबईपर्यंत चालतो का हा पास? एक्स्प्रेस वेला?

गाडीवाला_मोहोळ
नाही. पास फक्त राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वे राज्याचा, तिथं फास्टॅगमधले नेहमीचे पैसे कापले जाणार, म्हणून पास काढला तरी फास्टॅगला बॅलन्स ठेवायचा. हैदराबादकडं जाताना हायवे तोच ६५ नंबर आहे, तिकडं चालतो.

सातरस्ता
आणि खाजगी कार, जीप, व्हॅन एवढ्यालाच आहे हे पण लिहा. आम्ही सॅम्पल जास्त असले की पिवळ्या पाटीची अर्टिगा भाड्यानं घेतो, त्याला हा पास नाही. शिवाय पास त्या गाडीपुरताच, भावाच्या गाडीला लावून चालत नाही.

गाडीवाला_मोहोळ
बरोबर. तुम्ही विरोधात बोलता पण माहिती सगळी ठेवता मालक.

गणवेश_ताई
बायकांच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं युनिफॉर्मचं काम आहे, शाळांच्या ऑर्डरसाठी लातूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी एकटीनं फिरते. माझ्यासाठी प्रवासातला अर्धा त्रास म्हणजे रात्री खोली मिळेल का आणि मिळाली तर कशी असेल. अ‍ॅपवरचे फोटो बघून मी ठरवत नाही, ते सगळे एकाच पांढऱ्या चादरीचे असतात (चादर तरी आपली सोलापुरी असावी ना!). मी खालचे कमी स्टारचे रिव्ह्यू आधी वाचते, त्यातही बाईनं लिहिलेले. आणि बुकिंग झालं तरी हॉटेलला थेट फोन करून विचारते की रात्री काउंटरवर माणूस असतो का, खोलीला आतून कडी आहे का. फोनवर जो कसा बोलतो त्यावरून निम्मं कळतं. मागं एका अ‍ॅपवरून पैसे भरून खोली घेतली होती, रात्री साडेनऊला पोचले तर काउंटरवरचा म्हणतो आमच्याकडं असं काही बुकिंग आलेलंच नाही. अ‍ॅपच्या मदतकेंद्रावर गाणं वाजत राहिलं. शेवटी समोरच्या मेडिकलवाल्या काकूंनी दुसरं लॉज दाखवलं. तेव्हापासून निघायच्या आधी फोन केल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

गुगल मॅपवरून लाईव्ह लोकेशन घरी शेअर करते, ते ठरावीक तासांपुरतं करता येतं, ती वेळ संपली की आपोआप बंद. पोलीस मदतीचा ११२ लक्षात ठेवा, अ‍ॅपही आहे. रेल्वेत काहीही झालं तर १३९.

एसटीचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून आम्हाला अर्धं तिकीट, रिझर्वेशन अ‍ॅपवरही मिळतं. फक्त ते राज्याच्या हद्दीपर्यंत. विजयपूरला जाताना सीमेपर्यंत अर्धं आणि पुढं पूर्ण. तिकडं त्यांच्या बसमध्ये बायकांना फुकट आहे, पण ते कर्नाटकच्या बायकांना, आपल्याला नाही. कंडक्टर आधार बघतो आणि हसतो.

कडकभाकरी
ताई अक्कलकोटच्या पुढं सासर बघायला पाहिजे होतं, दोन्हीकडून फायदा.

गणवेश_ताई
सासर साखर पेठेतच आहे बाबा, चालत जाते, तिकीटच नाही.

पूर्वभाग_पोट्टा
हैदराबादबद्दल सांगतो. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगूच, त्यामुळं बेगम बाजारात भाव करायला मला अ‍ॅप लागत नाही, आमचं तेलुगू ऐकून तिथले लोक आधी हसतात आणि मग दोन टक्के सोडतात. पण गंमत अशी की शिक्षण सगळं मराठी शाळेत, तेलुगू बोलता येतं, वाचता एक अक्षर येत नाही. बसवरची पाटी, दुकानाचा बोर्ड, पार्टीनं हातानं लिहून दिलेली यादी, सगळी जिलेबी. तिथं गुगल ट्रान्सलेटचा कॅमेरा धरायचा, छापील बोर्ड मस्त वाचतो. हाताचं अक्षर मात्र त्याच्याकडून होत नाही, कॉटनच्या जागी काहीतरी भलतंच सांगतो, तेव्हा यादी पार्टीकडूनच वाचून घ्यायची आणि आपण मराठीत लिहून घ्यायची. तेलुगू आणि कन्नड घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट नसताना पण चालतं.

हैदराबादला मेट्रोचं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवरच निघतं, वेगळं अ‍ॅप नको. बेंगळुरूला रिक्षासाठी नम्मा यात्री ठेवा, तिथले रिक्षावाले ते वापरतात आणि पैसे थेट त्यालाच. मुंबईला एम-इंडिकेटर, लोकलचं टाइमटेबल ऑफलाईन.

हुतात्मा_अपडाऊन
मुंबईवरून आठवलं, लोकलचं तिकीट फोनवर काढायचं तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा. फलाटावर उभं राहून तसं निघत नाही, मग तिथला क्यूआर शोधून स्कॅन करावा लागतो. दादरला सकाळच्या गर्दीत सॅम्पलची बॅग पायात धरून क्यूआर शोधणं म्हणजे काय ते मुंबईकरालाच विचारा.

कडकभाकरी
आता मुख्य विषयाकडं या. गाडीत खायचं काय?

पूर्वभाग_पोट्टा
पीएनआर टाकून ई-केटरिंगवर मागवता येतं की, पुढच्या स्टेशनला सीटवर आणून देतात.

कडकभाकरी
मागवा की. मी आपली कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचा डबा. भाकरी चार दिवस टिकते, चटणी महिना टिकते, ऑर्डर कॅन्सल होत नाही, डिलिव्हरी चार्ज शून्य. आणि हैदराबादच्या पार्टीला एक पाकीट चटणी नेली की पेमेंट आठ दिवस आधी येतं, हे कुठलं अ‍ॅप करतं?

सातरस्ता
पहिल्यांदा तुझ्याशी सहमत आहे बे.

विमानवाला_जुळे
विमानाचं राहिलं. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये आधी गोवा आणि मग मुंबई सुरू झालं, पण वेळापत्रक बदलतं म्हणून तिकीट काढताना कंपनीच्याच अ‍ॅपवर दिवस तपासा. बाकी ठिकाणी जाताना पुणे किंवा हैदराबाद विमानतळ धरत असाल तर डिजियात्रा ठेवा, दारातली रांग चेहरा दाखवून पार होते. सोबत आधार असू द्या, मशीन अडलं तर जुन्याच रांगेत जावं लागतं.

ओळखपत्रावरून एक. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात, एक सरकारकडून आलेली कागदपत्रं आणि एक आपण स्वतः फोटो काढून चढवलेली. टीसीला पहिल्या कप्प्यातलं आधार किंवा लायसन्स चालतं, दुसऱ्यातलं नाही. बरेच जण गॅलरीतला आधारचा फोटो दाखवून वाद घालतात, त्याला काही अर्थ नाही.

गणवेश_ताई
अजून एक राहिलं. तिकीट रद्द केलं, पैसे अडकले, की लोक गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात. वर जो नंबर येतो तो बऱ्याचदा चोराचाच असतो. तो गोड बोलून एक अ‍ॅप टाकायला सांगतो आणि आपली स्क्रीन त्याला दिसायला लागते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं खातं असंच रिकामं झालं. नंबर फक्त अ‍ॅपच्या आतला घ्यायचा. झालंच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन), जितका लवकर फोन तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

आणि टूरसाठी बँकेचं वेगळं खातं ठेवा, त्यात लागेल तेवढेच पैसे. यूपीआय त्यालाच जोडा. फोन हरवला तरी कारखान्याचं खातं सुरक्षित.

हिशोबनीस
@गणवेश_ताई वेगळ्या खात्याचं सोन्यासारखं सांगितलंत. माझं काम पण निम्म्यावर येतं, टूरचा सगळा खर्च एकाच स्टेटमेंटवर.

हुतात्मा_अपडाऊन
हिशोबाचं निघालंय तर हे पण घ्या. गाडी तीन तासांच्या वर लेट असेल आणि तुम्ही जायचं रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण नुसतं कॅन्सल दाबायचं नाही, टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा, आणि तो गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत. अ‍ॅपमध्येच सोय आहे. लोक चिडून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी भरतात, मग काही मिळत नाही.

टॉवेलवाला_अकरोड
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचलं, वडिलांना पण वाचून दाखवलं. सातरस्ता मालकांच्या पोस्टवर ते खूश, गणवेश ताईंच्या पोस्टनंतर गप्प. सध्या असं ठरवलंय: रेलवन, व्हेअर इज माय ट्रेन, गुगल मॅप आणि ट्रान्सलेट दोन्ही डाउनलोड करून, डिजिलॉकर, एम-इंडिकेटर, टूरचं वेगळं खातं आणि 'टूर खर्च' ग्रुप. नम्मा यात्री बेंगळुरूला निघताना टाकेन. हॉटेलचं अ‍ॅप एकच, तेही नवीन गावापुरतं. फास्टॅगचा पास आमच्या हिशोबात बसत नाही, पुण्याला गाडी क्वचितच काढतो.

सातरस्ता
चांगलं ठरवलंत. त्यात एक घाला, अ‍ॅप नाही, फक्त सवय. जायच्या आदल्या दिवशी पार्टीला फोन. लोक तिकीट, हॉटेल, मेट्रो सगळं पक्कं करतात आणि तिथं गेल्यावर कळतं मालक लग्नाला गेलेत. मी फोन करून विचारतो की मालक उद्या अकराला दुकानात आहात ना, आणि मागच्या बिलाचं काय ते पण बघू. दुसरं वाक्य ऐकून जो म्हणतो या या, तिथंच जायचं. जो म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू, तिथलं तिकीट काढायचंच नाही.

आणि वडिलांच्या डायरीतले नंबर, कुणाचा मुलगा कुठल्या दुकानात बसतो, कोण उधार किती दिवस ठेवतो, हे सगळं फोनमध्ये घ्या, वडील शेजारी बसलेले असतानाच. नुसतं नाव आणि नंबर नाही, नावापुढं गाव आणि काय माल घेतो ते पण. 'रमेश हैदराबाद' असे फोनमध्ये चार-चार निघतात नंतर.

पूर्वभाग_पोट्टा
आमच्या काकाच्या फोनमध्ये 'रमेश टॉवेल', 'रमेश टॉवेल नवीन', 'रमेश टॉवेल देणार नाही' असे आहेत. शेवटचा फोन आला की काका लगेच उचलतो.

टॉवेलवाला_अकरोड
😄 अजून एक शेवटचं विचारतो, हिशोबनीस साहेब. हैदराबादला रेल्वेनं जाताना सॅम्पलची मोठी बॅग असते, वेगवेगळ्या जीएसएमचे (कापडाच्या वजनाचे) टॉवेल, नॅपकिनचे दोन-तीन डझन, कधी एखादी जेकार्ड चादर. हे विकायचं नाही, दाखवून परत आणायचंय. ई-वे बिल (माल नेताना ऑनलाईन काढायचा कागद) लागतं का? वाटेत कुणी विचारलं तर काय दाखवू?

हिशोबनीस
राज्याबाहेर माल नेताना ५०,००० च्या वर किंमत असेल तर ई-वे बिल. तुमची सॅम्पलची बॅग तेवढ्याची होणार नाही. पण हात हलवत जाऊ नका, फर्मच्या लेटरहेडवर डिलिव्हरी चलन करा, त्यावर 'नमुना, विक्रीसाठी नाही' लिहा, नग, अंदाजे किंमत, जीएसटी नंबर. एक प्रत बॅगेत, एक फोटो फोनमध्ये. एखाद्या पार्टीनं सॅम्पलच ठेवून घेतलं आणि पैसे दिले तर ती विक्री झाली, परत आल्यावर त्याचं बिल फाडायचं, हे मात्र विसरतात सगळे.

टॉवेलवाला_अकरोड
चलनाचा एखादा नमुना मिळेल का साहेब?

हिशोबनीस
व्यनि (खाजगी मेसेज) करतो. संध्याकाळी ऑफिसला गेलो की.

कडकभाकरी
मला पण पाठवा. मला चटणीची बॅग न्यायचीय, 'नमुना, विक्रीसाठी नाही'.